नटश्रेष्ठ गणपतराव जोशी

पिंगुळीच्या आसमंतात कार्तिक महिना लागला की रात्री लहान होतात, असे आम्ही शिक्षक थट्टेने म्हणत असतो. देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात, दशावतारी मंडळींचे पेटारे येऊन उतरतात, मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार आटोपून आख्यानास आरंभ होतो, आणि उजाडता उजाडता दहीकाला होऊन मंडळी पुढल्या गावची वाट धरतात. सकाळी पहिल्या तासाला वर्गात जी डोकी बाकावर टेकतात, त्यांतील कित्येक रात्रभर मृदंगापुढे जागलेली असतात. गतवर्षी अशाच एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर मी जरा कडक शेरा लिहिला. तो नुसता प्रेक्षक नव्हता, घरच्या मंडळींबरोबर तोंडास रंग लावून पहाटेपर्यंत उभा होता, हे मला मागाहून कळले. ज्या तासाला त्याचा डोळा लागला, त्या तासाला मी शेक्सपिअरचा एक उतारा शिकवीत होतो. कठीण शब्दांचे अर्थ सांगितले, व्याकरण सांगितले. परंतु शेक्सपिअर हा स्वतः नट होता आणि नाटक मंडळीत राहून पोट भरीत होता, एवढी एक गोष्ट मात्र सांगावयाची राहून गेली.

त्या शेऱ्याची रुखरुख मनात असतानाच यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा झाली. राजे, सेनापती आणि शास्त्रज्ञ यांची चरित्रे ह्या अंकांतून पुष्कळ येऊन गेली आहेत. म्हणून ह्या वेळी एका नटाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे. शेक्सपिअरचा राजपुत्र ज्यांनी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा केला, ते हे गणपतराव जोशी होत.

गणपतरावांचा जन्म १८६७ साली झाला. हे मूळचे आपल्या कोकणातील राजापूरकडचे. त्यांच्या वाट्याला शालेय शिक्षण बेताचेच आले आणि इंग्रजी विद्येचा लाभ तर झालाच नाही. ज्या नाटक मंडळीमुळे त्यांचे नाव झाले तिचे नाव शाहूनगरवासी नाटक मंडळी. शाहूनगर म्हणजे सातारा; छत्रपती शाहू महाराजांनी वसविलेले म्हणून ते नाव. त्या काळी घरातील मुलगा नाटक कंपनीत गेला म्हणजे आईबापांनी त्याच्या नावाने आंघोळ करावी, अशी समजूत होती. नटांचे खेळ पाहावयास गावातील प्रतिष्ठित मंडळी पुढल्या रांगेत बसत, परंतु त्याच नटास आपल्या पंक्तीस बसवावयास ती सहसा तयार नसत. अशा धंद्यात हा मुलगा शिरला.

मराठी रंगभूमीचे वय तेव्हा फार नव्हते. विष्णुदास भावे यांनी सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा खेळ केला तो १८४३ साली. त्या पौराणिक नाटकांची तऱ्हा आपल्या दशावताराहून फारशी वेगळी नव्हती. कथाभाग सूत्रधाराने गाऊन सांगावयाचा आणि पात्रांनी आपापली भाषणे प्रसंग पाहून तेथल्या तेथे करावयाची. लिहिलेले पुस्तक पाठ करून, त्यातील शब्द न बदलता, आरंभापासून शेवटपर्यंत नाटक करावयाचे, ही कल्पना मागाहून आली. ती बऱ्याच अंशी इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी आणली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पदवीधरांस शेक्सपिअरचे वेड लागले होते असे म्हटल्यास वावगे होणार नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ऑथेल्लोचे भाषांतर १८६७ सालचे, म्हणजे गणपतरावांच्या जन्मवर्षीचेच! परंतु भाषांतर होणे वेगळे आणि ते रंगभूमीवर जिवंत होणे वेगळे. विद्वानांची कित्येक नाटके ग्रंथालयाच्या कपाटांतच राहिली.

ह्या ठिकाणी दुसऱ्या एका पुरुषाची ओळख करून देणे अवश्य आहे. गोपाळ गणेश आगरकर हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचता. न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक, केसरीचे पहिले संपादक, पुढे सुधारक पत्राचे जनक आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, असे त्यांचे वर्णन तेथे असते. ह्या आगरकरांचे घर दरिद्री होते. विद्यार्थिदशेत परीक्षेच्या फीपुरते पैसे मिळावे म्हणून त्यांनी एका नाटक मंडळीकरिता नाटक लिहावयास घेतले होते, आणि ही गोष्ट प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी जाताच त्यांनी स्वतः पैसे देऊन आपल्या शिष्याची अडचण दूर केली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात सांगतात. तेव्हा नाटकाशी त्यांचा संबंध पोटाच्या चिमट्यातून आला होता म्हणावयाचा. पुढे १८८२ साली कोल्हापूरच्या कारभारावरील लेखांमुळे त्यांना आणि टिळकांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या एकशे एक दिवसांची हकिकत आगरकरांनी लिहून ठेवली आहे. हॅम्लेट नाटकाचे त्यांचे भाषांतर त्यानंतर लवकरच, म्हणजे १८८३ साली, विकारविलसित ह्या नावाने प्रसिद्ध झाले. मनोविकारांचा खेळ असा त्या नावाचा अर्थ. डेन्मार्कचा हॅम्लेट त्यात चंद्रसेन झाला.

आता असे पाहा. एकीकडे एम. ए. झालेला, समाजाचा रोष पत्करून लिहिणारा, तत्त्वज्ञानाचा व्यासंगी शिक्षक; दुसरीकडे इंग्रजीचे अक्षरही न आलेला, नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेला तरुण नट. ह्या दोघांची गाठ पडण्याचे ठिकाण म्हणजे तालमीची खोली. आगरकर आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्यांनी शाहूनगरवासी मंडळीस ह्या नाटकांची तालीम दिली. वाक्याचा अर्थ काय, ते कोणत्या मनःस्थितीत उच्चारले आहे, कोठे थांबावयाचे, कोणता शब्द उचलावयाचा, हे त्यांनी नटांस समजावून सांगितले. शिकलेल्या माणसाने नटांच्या पंक्तीस बसून शिकवावे, ह्यात तेव्हा कमीपणा मानला जाई. आगरकरांनी तो मानला नाही. गणपतरावांचीही थोरवी एवढी की, त्यांनी ती विद्या नुसती पाठ केली नाही, तर आपलीशी केली. आम्ही वर्गात अर्थ सांगतो तोही बहुधा अचूकच असतो. परंतु तो अर्थ मुलाच्या चेहऱ्यावर उतरलेला आम्हांला क्वचितच दिसतो.

हॅम्लेटची कथा मोठ्या मुलांस ठाऊक असेल. धाकट्यांकरिता दोन शब्द सांगतो. राजपुत्राचा बाप अकस्मात मरण पावतो. चुलता गादीवर बसतो आणि राणीशी लग्न लावतो. एका थंडीच्या रात्री किल्ल्याच्या तटावर मृत राजाचे भूत मुलास भेटते आणि आपला खून भावानेच केला असे सांगून सूड घेण्याची आज्ञा करते. मुलगा शूर आहे, बुद्धिमान आहे. परंतु हे भूत खरे की सैतानाची माया, ह्या शंकेने तो ग्रासतो. तो वेडाचे सोंग घेतो आणि पुढे पुढे सोंग कोणते व खरे कोणते हे त्याच्या जिवलगांसही कळेनासे होते. ज्या मुलीवर त्याचे प्रेम आहे तिला तो दुखावतो. पडद्याआड लपलेल्या तिच्या बापाला चुलता समजून ठार करतो. मुलगी भ्रमिष्ट होऊन पाण्यात बुडते. शेवटी विषारी तलवारीच्या खेळात सर्वांचाच अंत होतो.

ही भूमिका करणे म्हणजे काय, ह्याचा विचार करा. ह्यात गदा फिरवावयाची नाही, दैत्य मारावयाचा नाही. नायक बहुतेक वेळ काहीच करीत नाही, आणि करीत का नाही, हीच त्याची वेदना आहे. एकटा उभा राहून तो स्वतःशी बोलतो आणि ती लांबलचक स्वगते गद्यात, पेटीच्या सुराचा आधार न घेता, मागल्या रांगेतील माणसाच्या गळी उतरवावयाची आहेत. पौराणिक नाटकांतील राक्षसांच्या आरोळ्यांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे गणपतरावांनी हे केले. त्यांचा आवाज भरदार होता आणि चेहरा विलक्षण बोलका होता, असे त्यांना पाहिलेल्यांनी एकमुखाने लिहिले आहे. इंग्लंडातील नामांकित नट गॅरिक ह्याच्याशी त्यांची तुलना होऊ लागली. ज्यांनी शेक्सपिअर इंग्रजीत वाचला होता ते मराठी खेळास गेले, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते तेही गेले. त्या रात्रीपुरते तरी दोघांचे बाक एकच होते.

ह्या नाटकात एक गमतीचा प्रवेश आहे, तो विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा. गावोगाव फिरणारी एक नाटक मंडळी राजवाड्यात येते. राजपुत्र त्या नटांचे आदराने स्वागत करतो, त्यांच्याकडून एक खेळ बसवून घेतो, आणि त्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगतो. हातवारे बेताने करावे, घसा फोडू नये, भावनेच्या भरातही तोल राखावा, विदूषकाने पदरची वाक्ये घालू नयेत, असा त्याचा आशय. शेक्सपिअरने आपल्याच सोबत्यांना दिलेली ही तालीम होय, असे पुष्कळांस वाटते. गावोगाव फिरणाऱ्या मराठी मंडळीतला नट राजपुत्राच्या वेषात उभा राहून, फिरत्या नटांना हा उपदेश मराठीत करीत असेल तेव्हा रंगपटात काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

कारण हे फिरणे सोपे नव्हते. शाहूनगरवासी मंडळी पुण्यामुंबईस नाटकगृहांतून खेळ करी; परंतु त्या काळी नाटक मंडळ्यांचे वर्षातील बरेच दिवस मुक्कामामुक्कामांवर जात. नट, आचारी, पडदे, पेट्या, सर्व बिऱ्हाड बैलगाड्यांतून किंवा आगगाडीने हलवावयाचे. जेथे नाटकगृह नसेल तेथे तट्ट्या बांधून मांडव उभारावयाचा. रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालावयाचा. हे वर्णन ऐकून आपल्याकडील मुलांस आश्चर्य वाटणार नाही. एक बाकडे मांडून त्यालाच सिंहासन, पर्वत आणि पलंग समजावयाचे, हे त्यांनी दशावतारात पाहिलेलेच आहे. शेक्सपिअरचे ग्लोब नाटकगृह १५९९ साली लंडनला उभे राहिले, तेही मधोमध आभाळाला उघडे होते. तेथे खेळ दिवसाउजेडी होत, आणि रात्र झाली हे प्रेक्षकांना शब्दांवरूनच समजून घ्यावे लागे. पुढे विलायतेत बंद नाटकगृहे आली, गॅसचे दिवे आले. मग १८८६ पासून बेन ग्रीट नावाच्या नटाने शेक्सपिअरला पुन्हा बागांतून, झाडांखाली नेले, आणि १९३२ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये उघड्यावरील नाटकगृहच सुरू झाले. आपल्या देशातही स्वातंत्र्यानंतर जेफ्री केंडल ह्यांची शेक्सपिअराना ही फिरती मंडळी शाळाशाळांतून आणि संस्थानिकांच्या वाड्यांतून इंग्रजी खेळ करीत हिंडली. पालकांपैकी पुष्कळांस आवडणारे नट शशी कपूर हे काही काळ त्या मंडळीत होते.

ग्लोबमध्ये स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. शाहूनगरवासी मंडळीतही त्या पुरुषच करीत. दशावतारातील राणीही आपल्याकडे परंपरेने पुरुषच होतो. गणपतरावांना ह्या बाबतीत बळवंतराव जोग हे जोडीदार लाभले. जोगांवाचून गणपतरावांची कथा अपुरी राहील, कारण नट कितीही थोर असला तरी समोरचे पात्र दगडासारखे उभे असेल तर त्याचा अभिनय भिंतीवर चेंडू आपटल्यासारखा होतो. शेक्सपिअरच्या कजाग मुलीला वठणीवर आणण्याच्या विनोदी नाटकाचे केळकरांनी त्राटिका ह्या नावाने रूपांतर केले. रामायणातल्या राक्षसिणीचे नाव तिला शोभलेही! त्यात जोग त्राटिका होत आणि गणपतराव तिचा नवरा प्रतापराव होत. काल अश्रू ढाळावयास लावलेले हेच दोघे नट आज प्रेक्षकांना पोट धरून हसवीत. आजच्या वाचकाला त्या नाटकातील बायकोला नमविण्याचा प्रकार तितकासा रुचणार नाही आणि मलाही तो रुचत नाही. परंतु त्या काळी तो खेळ अतिशय लोकप्रिय झाला, हे नाकारता येत नाही.

ऑथेल्लो नाटकाचे गोविंद बल्लाळ देवलांनी केलेले झुंझारराव हे रूपांतर १८९० सालचे. संशयाने आंधळा होऊन निरपराध पत्नीचा गळा दाबणारा तो सेनापतीही गणपतरावांनीच केला. पुढे काळ पत्राचे संपादक म्हणून गाजलेले शिवराम महादेव परांजपे ह्यांनी मॅकबेथचे मानाजीराव केले, त्यातही तेच. संशय, महत्त्वाकांक्षा, अनिश्चय असे एकेक मनोविकाराचे डोंगर ह्या एका माणसाने चढून पाहिले. शिवाय तुकाराम नाटकात ते तुकोबा होत. भूत पाहून थरारणारा राजपुत्र आणि विठ्ठलचरणी लीन झालेला देहूचा वाणी एकाच गळ्यातून बोलत.

आणि राणा भीमदेव! ह्या वीररसप्रधान नाटकातील राणा हीही गणपतरावांची गाजलेली भूमिका. त्यातील आवेशाची, ललकारीची भाषणे इतकी लोकांच्या तोंडी बसली की, राणा भीमदेवी थाट हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला. आजही एखादा पुढारी व्यासपीठावरून मोठमोठ्या गर्जना करू लागला म्हणजे वर्तमानपत्रे त्याच्या भाषणास राणा भीमदेवी म्हणून मोकळी होतात. नाटक आता कोणी वाचीत नाही, राण्याची कथाही फारशी कोणास ठाऊक नाही. हातवारे बेताने करावे आणि घसा फोडू नये, असा उपदेश ज्या नटाने राजपुत्राच्या वेषात केला, त्याची भाषेत उरलेली खूण ती गर्जनेची! त्याचा तो स्तब्ध, विचारात बुडालेला चंद्रसेन वाक्प्रचारात मावण्यासारखा नव्हता. नटाच्या कलेचे हेच दुर्दैव आहे. चित्रकाराचे चित्र उरते, पिंगुळीच्या चित्रकथींच्या जुन्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या घरात राहतात. नटाची भूमिका पडद्याबरोबर पडते.

गणपतरावांची मंडळी गद्य नाटकांची, आणि काळ तर संगीताचा येत होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले तेव्हापासून पदांची मोहिनी महाराष्ट्रावर पडली. ती पुढे बालगंधर्वांच्या काळात कळसास पोचली. पदे ऐकावयास येणाऱ्या प्रेक्षकांपुढे नुसत्या शब्दांच्या बळावर उभे राहावयाचे, हा गणपतरावांच्या आयुष्याचा झगडा म्हणता येईल. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. ज्यांनी त्यांना घडविले ते आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच वारले. त्यांच्यामागे गणपतरावांनी सत्तावीस वर्षे काढली. ७ मार्च १९२२ रोजी ते निवर्तले. मराठीतला पहिला बोलपट, अयोध्येचा राजा, पडद्यावर आला तो १९३२ साली. म्हणजे दहा वर्षे उशिरा.

त्यानंतर मराठीत हॅम्लेट झाला नाही असे नाही. नाना जोगांनी त्याचे नवे भाषांतर केले आणि ते २०१८ सालीही मोठ्या थाटाने रंगभूमीवर आले होते. वि. वा. शिरवाडकरांनी मॅकबेथचे राजमुकुट आणि पुढे ऑथेल्लो मराठीत आणले. त्यांचा नटसम्राट तर आयुष्यभर शेक्सपिअरची पात्रे रंगवून शेवटी बेघर झालेल्या नटाचीच कथा सांगतो.

ही माहिती जुळवीत असताना आमच्या स्नेहसंमेलनाची तारीख जवळ आली. सभागृह परीक्षेच्या कामासाठी अडकलेले होते, म्हणून मैदानाच्या कडेला फणसाखाली तटावरील भुताचा प्रवेश मराठीत करावा असे ठरले. भुताची भूमिका मी त्या झोपाळू विद्यार्थ्यास दिली. शेक्सपिअर स्वतः हीच भूमिका करीत असे अशी परंपरा आहे, हे ह्या वेळी मात्र त्याला सांगण्यास मी विसरलो नाही. पहिल्या तालमीस तो दशावतारातल्या राजाप्रमाणे पाय आपटीत आला. मी त्याला सावकाश येण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो इतका सावकाश आला की, बाजूला गोटे खेळणारी लहान मुले खेळ थांबवून पाहत राहिली. भाषण मात्र त्याने लिहून दिल्याप्रमाणे केले नाही. निम्मी वाक्ये त्याने तेथल्या तेथे रचली, आणि त्यांत एक चूक सोडल्यास मला दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही. पुस्तकातीलच शब्द म्हटले पाहिजेत काय, असे त्याने मला विचारले. आगरकरांच्या तालमीत गणपतरावांना तशी मोकळीक खचितच मिळाली नसती, असे मी त्यास सांगितले. चार दिवसांत त्याने मूळ भाषण पाठ करून आणले, आणि पहिलेच बरे होते अशी कुरकुर केली.

पुढल्या वर्षी झुंझाररावातील एक प्रवेश करावा असा मुलांचा आग्रह आहे. शाळेच्या ग्रंथालयात त्या नाटकाची प्रत नाही. पालकांपैकी कोणाच्या घरी जुन्या पेटीत, माळ्यावर, झुंझारराव, त्राटिका किंवा विकारविलसित ह्यांपैकी एखादे पुस्तक पडून असल्यास त्यांनी ते काही दिवसांकरिता शाळेकडे द्यावे, ही विनंती. पाने सुटलेली असली तरी चालेल. आमचे शिपाईबुवा बांधणी उत्तम करतात.